एकोणीस दिवस ड्रॉवरमध्ये

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले सर; उपाध्यक्षा, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी; व्यासपीठाच्या उजव्या टोकाला खुर्ची जरा मागे ओढून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती घड्याळताई; समितीचे सर्व सदस्य; लवकर येऊन पुढची रांग धरलेली ज्येष्ठ मंडळी; आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी उभे राहिलेले माझे मित्रहो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

निरोपाच्या भाषणात गोड बोलावं, असा प्रघात आहे. माझ्या आधी जे बोलले ते फार गोड बोलले. वहिनींनी ताईंना ‘आपल्या मंडळाची शान’ म्हटलं. समितीच्या सदस्यांनी ‘निर्भीड व्यक्तिमत्त्व’ म्हटलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवता माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं आणि मला मळमळलं. अगदी खरं सांगतो, मळमळलं. मी औषधं विकणारा माणूस आहे, मळमळीवर काय द्यायचं ते मला ठाऊक आहे. ह्या मळमळीवर माझ्या दुकानात काही नाही.

आज मी बोलायला का उभा आहे, ते आधी सांगायला हवं. ताई दुसऱ्या शहरात चालल्यात. तिथल्या संग्रहालयातली शे-दीडशे वर्षांची बंद घड्याळं चालू करण्याचं काम त्यांना मिळालंय. ही बातमी कळली तेव्हा सर आणि मी त्यांच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, जिन्याखालची खोली ती. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. ताई डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसल्या होत्या. सर म्हणाले, “ताई, मंडळाला तुमचा सत्कार करायचाय.”

ताईंनी भिंग काढलं नाही. म्हणाल्या, “कशाबद्दल?”

सर म्हणाले, “धैर्याबद्दल.”

तेव्हा त्यांनी भिंग काढलं. म्हणाल्या, “तुमच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी नाचायला यायचं, तर त्याला धैर्य का लागावं? हे कुणी सगळ्यांसमोर सांगणार असेल तर येते. नाहीतर मला सामान बांधायचंय.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सरांना काही अवघड करायचं असलं की ते माझ्याकडे पाहतात. हे काम माझ्याकडे आलं ते असं.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. अकरा वर्षांपूर्वी सर मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि त्यांनी हे रविवार मंडळ काढलं. दुपारी तीन ते सहा. जोडीनं नाच, मग चहा, गप्पा, पत्ते. घरात गुडघे धरून भिंतीकडे बघत बसलेल्या माणसांना सरांनी उभं केलं. बायको गेलेले, नवरा गेलेल्या, मुलं दूर असलेले, कधीच लग्न न केलेले, सगळे इथे आले आणि हसायला लागले. हे श्रेय सरांचं. ते मी काढून घेणार नाही, कुणी घेऊही नये. मी सहा वर्षं कार्यवाह आहे. हजेरी, चहा, हॉलची किल्ली आणि तक्रारी, हे माझं खातं. म्हणजे पंखा आवाज करतो, चहात साखर जास्त पडते, अशा तक्रारी.

ताई तीन वर्षांपूर्वी आल्या. आईचं सात वर्षांचं आजारपण एकटीनं काढलेलं, आई गेलेली, रविवार खायला उठायचा. पहिल्या दिवशी एका भिंतीला टेकून उभ्या होत्या. वहिनींनीच त्यांना हाताला धरून आत आणलं. आणि मग नवीन माणसाला शिकवायला जो नेहमी पुढे व्हायचा, तो पुढे झाला. कप्तान.

आता काहींच्या कपाळावर आठी आली. येऊ द्या. कप्तान कोण, हे इथे सांगायची गरज नाही, पण नवीन मंडळींसाठी: फर्निचरचं मोठं दुकान, मंडळाचे स्पीकर त्याचे, ह्या ज्या खुर्च्यांवर तुम्ही बसलात त्या त्यानं दिलेल्या. नाचात आपल्यात सगळ्यात तरबेज. मलाही पहिली पावलं त्यानंच शिकवली. सगळ्यांचे वाढदिवस पाठ. सरांना छातीत दुखलं तेव्हा गाडीत घालून इस्पितळात नेणारा तोच. मी त्याला ‘तो’ म्हणतोय, हे लक्षात आलं असेल. वयानं माझ्याहून मोठा आहे. पण त्याला अहो-जाहो करायला माझी जीभ आता वळत नाही, त्याला माझा इलाज नाही.

ताई एका मंगळवारी माझ्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या आणि काउंटरवर एक पाकीट ठेवलं. म्हणाल्या, “कार्यवाह म्हणून देतेय. ओळखीचे म्हणून नाही.” आणि गेल्या.

ते पत्र मला पाठ आहे. त्यांची परवानगी घेतलीय, त्यातलं थोडं सांगतो. रविवारी चार वाजून बारा मिनिटांनी कप्ताननं मला मागच्या खोलीतून खुर्च्या आणायला सोबत बोलावलं. आत गेल्यावर त्यानं पाठीनं दार लावून घेतलं आणि दाराला टेकून उभा राहिला. म्हणाला, एक पाऊल चुकतंय तुमचं, दाखवतो. कमरेवरचा हात खाली नेला. मी म्हणाले, सोडा. तो म्हणाला, नाच शिकायचा तर अंग सैल सोडावं लागतं. मी दुसऱ्यांदा सोडा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. मग रचलेल्या खुर्च्यांना लाथ मारली, त्या कोसळल्या, आवाज झाला, तेव्हा त्यानं दार सोडलं. चार वाजून सोळा मिनिटांनी मी बाहेर आले.

चार मिनिटं. बाहेर गाणं चालू होतं. मी चहाचे कप मांडत होतो. खुर्च्या कोसळल्याचा आवाज मी ऐकला होता, मित्रहो. मी ओरडलोही होतो, “अरे, सांभाळून! मोडतील!” खुर्च्यांबद्दल ओरडलो होतो.

पत्र वाचलं, पाकिटात घातलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. खोकल्याच्या औषधांच्या माहितीपत्रकांखाली. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो. हे का सांगतो? कारण पुढे सगळं उघड झाल्यावर बायकोनं मला एवढा एकच प्रश्न विचारला: “ते पत्र वाचून आलास त्या दिवशी तू जेवलास कसा?” मी म्हणालो, आठवत नाही. ती म्हणाली, “मला आठवतं. दोनदा भात घेतलास.”

एकोणीस दिवस ते पत्र ड्रॉवरमध्ये होतं. मी काय करत होतो म्हणाल, तर विचार करत होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे वाट बघत होतो. सर्दी जशी औषध न घेता बरी होते तसं हे आपोआप बरं होईल, म्हणून. तीन रविवार ताई आल्या, माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. विसाव्या दिवशी त्यांनी दुकानात येऊन विचारलं, “मिळालं ना पत्र?” तेव्हा मी सरांकडे गेलो.

सरांच्या जेवणाच्या टेबलावर समिती बसली. सर, वहिनी, मी आणि दुसरे दोन सदस्य, जे आज पुढच्या रांगेत बसलेत. पत्र हातोहात फिरलं. एका सदस्यांनी नाक मुरडलं: “चार वाजून बारा मिनिटं? असं कुणाला आठवतं हो? रचलेलं वाटतं.” अहो, ती बाई घड्याळं दुरुस्त करते! मिनिटं हा तिचा धंदा आहे! पण हे मी तेव्हा बोललो नाही. आणि समजा, तिनं ‘दुपारी कधीतरी’ असं लिहिलं असतं, तर हेच सदस्य म्हणाले असते, बघा, धड वेळसुद्धा सांगता येत नाही.

वहिनी म्हणाल्या, “अगं बाई, एवढं काय. नाचात हात इकडे तिकडे व्हायचाच.”

सर म्हणाले, “माणूस वाईट नाही. मी त्याला चांगला ओळखतो.” आणि मग म्हणाले, “दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत.”

दोन्ही बाजू! केवढा न्यायाचा शब्द. त्या न्यायासाठी मी काय केलं माहीत आहे? पत्राची प्रत काढली आणि कप्तानच्या दुकानात नेऊन त्याच्या हातात दिली. ताईंना न विचारता. त्यानं ती वाचली, घडी केली, खिशात घातली, आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी प्यायलो.

पुढच्या रविवारपर्यंत अर्ध्या हॉलला पत्र माहीत होतं. उरलेल्या अर्ध्याला सोमवारी कळलं. कोणी म्हणालं, आईच्या आजारपणानं डोक्यावर परिणाम झालाय. कोणी म्हणालं, एकटी बाई, लक्ष वेधून घ्यायचं असतं. कोणी म्हणालं, तिलाच तो आवडत होता. ज्यानं हे शेवटचं म्हटलं तो इथे बसलाय. नाव घेत नाही. पण हे सांगतो की तू ते म्हणालास तेव्हा मी शेजारी होतो, आणि मी हसलो होतो.

मग आपण समेट घडवला. आठवतंय? ह्याच व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी. सरांनी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हणाले, “गैरसमज होतात. मोठ्या मनानं हात मिळवा.” कप्ताननं लगेच हात पुढे केला, मोकळं हसला. ताई त्या हाताकडे बघत राहिल्या. सगळा हॉल बघत होता. वहिनी मागून कुजबुजल्या, “द्या हो, ताणू नका.” ज्या हाताबद्दल त्या बाईनं पत्र लिहिलं, तोच हात आपण तिच्या हातात दिला. आणि टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्या बेसिनपाशी गेल्या आणि हात धूत राहिल्या. मी त्यांना म्हणालो, “झालं, मिटलं एकदाचं.”



चिठ्ठी आली आहे व्यासपीठावरून. ‘विषयाला धरून बोलावे.’ सर, आदरानं सांगतो, हाच विषय आहे. आणि जे उठून चाललेत त्यांनी सावकाश जावं, दाराबाहेर पायरी आहे.

त्यानंतर ताईंबरोबर कुणी नाचलं नाही. कुणी ठरवून असं केलं नसेल. पण गाणं लागलं की त्यांच्या आजूबाजूची माणसं उठायची, आणि त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर एकट्या. चार रविवार. तुम्ही म्हणाल, मग यायच्याच कशाला? मीही तेव्हा तेच म्हणायचो. चिडून म्हणायचो. ती समोर बसली की मला माझं तोंड दिसायचं, म्हणून चिडायचो.

पाचव्या रविवारी एक नवीन बाई आल्या. ग्रंथालयात काम करतात. त्या आज इथे आहेत. पहिलाच दिवस, हातातली पिशवी कुठे ठेवावी हेही कळत नव्हतं. कप्तान पुढे झाला. दोन गाणी शिकवलं. मग मी पाहिलं, तो त्यांना मागच्या खोलीकडे हात दाखवत होता. खुर्च्या आणू या म्हणत होता.

मी पाहिलं. हे नीट ऐका. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी कपात चहा ओतत राहिलो.

ताई खिडकीपासून उठल्या. नाचणाऱ्या जोड्यांच्या मधून सरळ चालत आल्या, एकदोघांना धक्का लागला. त्या कप्तान आणि त्या ग्रंथपाल बाईंच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्यांच्याबरोबर मी नाचते.”

कप्तान हसला. “अहो ताई, पुन्हा सुरू झालं का?”

गाणं बंद झालं. सर खुर्चीतून ओरडले, “ताई, हा तमाशा इथे चालणार नाही. तुम्हाला जमत नसेल तर तुम्ही येऊ नका.”

ताई वळल्या. त्यांचा आवाज मोठा नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण गाणं बंद होतं, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला. त्या म्हणाल्या, “जाते. एक विचारते आणि जाते. तुमच्यापैकी ज्यांना आपली लेक, सून, बहीण ह्या माणसाबरोबर त्या मागच्या खोलीत दार लावून पाच मिनिटं सोडायला चालेल, त्यांनी हात वर करा.”

पंचावन्न माणसं होती. मी मोजली नव्हती, हजेरीवहीत आहेत.

एकही हात वर गेला नाही.

कप्तानच्या जिवलग मित्रांचा नाही. नाक मुरडणाऱ्या सदस्यांचा नाही. सर, तुमचा नाही. वहिनी, तुमचा नाही. माझा नाही. कप्तान एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, पण त्याखालचा माणूस निघून गेला होता. त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि तो बाहेर पडला.

मित्रहो, लोक म्हणतात त्या दिवशी सत्य बाहेर आलं. काही बाहेर आलं नाही! ते आतच होतं, आपल्या सगळ्यांच्या पोटात, कित्येक वर्षं. आपल्याला माहीत होतं. त्यानंतर बायका बोलायला लागल्या तेव्हा मला कळलं की ह्या हॉलमध्ये बायकांचा एक गुपचूप कायदा होता. कप्तानबरोबर नाचायचं तर हॉल भरलेला असताना. त्याच्या गाडीत पुढे बसायचं नाही. मागच्या खोलीत दोघींनी जायचं. वहिनींनी स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना त्या रडल्या, हेही सांगतो, की त्यांनी आपल्या सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “त्याच्यापासून लांब राहा.” सुनेला सांगितलं. ताईंना हाताला धरून आत आणलं तेव्हा नाही सांगितलं. आपलं माणूस वाचेल इतपत आपल्याला माहीत होतं. परकं माणूस वाचवावं इतपत मात्र माहीत नव्हतं. किळस येते ती ह्याची. कप्तानची येतेच, पण तो एकटा आहे. आपण पंचावन्न होतो.

मला वाटलं, आता निदान मी तरी सुधारलो. कार्यवाह म्हणून मी ठरवलं की गेल्या काही वर्षांत मंडळ सोडून गेलेल्या बायकांना भेटायचं, विचारायचं. चार नावं काढली. दोघींनी दारातूनच सांगितलं, आता तो विषय नको. तिसऱ्या बाईंनी सगळं सांगितलं, ते त्यांचं आहे, मी इथे बोलणार नाही. चौथ्या शाळेची बस चालवतात. बस धुवत होत्या. मी माझं भाषण सुरू केलं: मंडळाला खेद वाटतो, आम्हाला आधी कळलं असतं तर…

त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, “कळलं असतं तर? मी तुम्हालाच सांगितलं होतं की.”

मी म्हणालो, “मला?”

“तुमच्या दुकानात. पोरीला ताप होता, औषध घ्यायला आले होते. म्हटलं, तुमच्या कप्तानचा हात चांगला नाही. तुम्ही बाटलीवर चिकटपट्टी लावत होता. म्हणालात, ‘अहो, तो सगळ्यांशीच तसा मोकळा आहे. दिवसातून तीनदा, जेवणानंतर.’”

मित्रहो, मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं. ताप आठवतो, मुलगी आठवते, औषधसुद्धा आठवतं. ते वाक्य आठवत नाही. ताईंचं पत्र निदान ड्रॉवरमध्ये तरी ठेवलं होतं. ह्या बाईंचं बोलणं मी कानातसुद्धा ठेवलं नव्हतं. म्हणजे ताई मंडळात यायच्या दोन वर्षं आधी मला सांगितलेलं होतं. तेव्हा मी ऐकलं असतं तर ताईंना ती चार मिनिटं काढावी लागली नसती. हे गणित सोडवायला भिंग लागत नाही.

मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी पुन्हा नळ सोडला. म्हणाल्या, “बाजूला व्हा, पाणी उडेल.”

आता पुढचं आटोपतं सांगतो, कारण ह्यापुढचं आपल्याला जास्त आवडतं. ह्यात आपण बरे दिसतो. कप्तानला काढायचं ठरलं. कसं ठरलं? समितीत मसुदा झाला, तोही मीच लिहिला: ‘प्रकृतीच्या कारणास्तव ते निवृत्त होत आहेत, मंडळ त्यांच्या सेवेबद्दल ऋणी आहे.’ एक छोटा निरोप समारंभही घ्यावा, असं निघालं. हो, ह्याच हॉलमध्ये. तो कागद मी ताईंना दाखवायला नेला, कारण आता मी शहाणा झालो होतो ना, विचारून करत होतो! त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, “त्याची प्रकृती ठणठणीत आहे. कारण लिहा.”

मी म्हणालो, “ताई, त्याची बदनामी होईल.”

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी कागद खिशात घातला आणि घरी येऊन फाडला.

सर्वसाधारण सभा झाली. दोन तास भांडण झालं. सरांनी विरोधात मत दिलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवतो. खरं कारण लिहून कप्तानला काढून टाकण्याच्या बाजूनं एकतीस, विरोधात बावीस. जेमतेम. हात वर न करणारे सगळे होते, पण लिहायची वेळ आली तेव्हा बावीस जणांची शाई वाळली. त्याच सभेत नियमही झाले. तक्रार दोघांनी मिळून ऐकायची, त्यातली एक बाई हवीच. आठ दिवसांत लेखी उत्तर. तक्रार करणाऱ्याला विचारल्याशिवाय कागद कुणालाही दाखवायचा नाही. हात मिळवायला लावायचे नाहीत. हा शेवटचा नियम वाचून बाहेरचे लोक हसतात, म्हणतात, हे कसलं कलम? ज्यांना कळायचं त्यांना कळतं.

आणि कप्तान? तो बरा आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यानं नवीन मंडळ धरलंय. शनिवारी असतं. आपल्यातले सतरा-अठराजण जातात, मला कळतं. मी तिथल्या कार्यवाहांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, सही केली. त्यांचं उत्तर आलं, फार सभ्य उत्तर. ‘आमच्याकडे अद्याप असे काहीही निदर्शनास आलेले नाही. माणूस आम्हाला चांगला वाटतो.’ वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला. मी पुन्हा लिहिलंय. पुन्हा लिहीन. त्यांच्या ड्रॉवरात जागा संपेपर्यंत लिहीन.

आता ताईंबद्दल. त्यांचा सत्कार करायचा तर काय म्हणून करायचा? त्यांना ‘धाडसी’ म्हणू नका. मघाशी चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, “त्या दिवशी मधे येऊन उभ्या राहिलात, भीती नाही वाटली?” म्हणाल्या, “पाय लटपटत होते. म्हणून तर नाचते म्हणाले, म्हणजे कुणाला दिसणार नाही.” त्यांना घरी जाऊन झोपायचं होतं. त्यांना नाच शिकायचा होता. तीन वर्षं आल्या आणि किती रविवार नाचल्या असतील? मोजून वीस-बावीस. बाकीचे आपण खाल्ले. ते रविवार परत देता येत नाहीत, आणि ह्या स्मृतिचिन्हानं तर मुळीच नाही. हे काचेचं आहे, ताई, प्रवासात फुटेल, न नेलंत तरी चालेल.

एक बातमी द्यायची आहे. मी आज कार्यवाहपद सोडतोय. सरांना पत्र दिलंय, त्यावर कारण लिहिलंय; प्रकृतीचं नाही. तक्रारी ऐकायचं काम उद्यापासून ग्रंथपाल बाई बघतील. त्यांना मी विचारलं, “कराल का?” तर म्हणाल्या, “मला पहिल्याच दिवशी कुणीतरी उठून मधे येताना दिसलं. नाहीतर मी दुसऱ्या दिवशी आले नसते.” बस चालवणाऱ्या बाईंनाही विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. त्यांना नाही म्हणायचा पूर्ण अधिकार आहे, आणि त्याचं कारण विचारायचा मला नाही.

सर, वहिनी, तुम्ही मला अकरा वर्षं घरातल्यासारखं वागवलंत. आज मी तुमच्यासमोर, तुमच्याबद्दल, तुमच्याच ध्वनिक्षेपकावर हे बोललो. घरच्या माणसाशी असं बोलवत नाही, म्हणूनच हे इतकी वर्षं राहिलं. तुमचा राग मला मान्य आहे.

आयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. चहा करणाऱ्या मावशींचे आभार; मी बोलत असताना त्यांनी कपांचा आवाज होऊ दिला नाही. जे बसून राहिले त्यांचे आभार. जे उठून गेले त्यांचेही, त्यांच्यामुळे कोण कुठे आहे ते ताईंना जाण्याआधी दिसलं.

आता भाषणाच्या शेवटी क्षमा मागायची असते. तर बोलताना एखादा शब्द जास्त कडक गेला असेल, कुणाचा मान राहिला नसेल, वेळ जास्त घेतला असेल, तर तेवढ्यापुरती आपण सगळ्यांनी मला क्षमा करावी.

बोलण्यातल्या चुकीची. केलेल्याची नाही. ती क्षमा देणं ह्या हॉलमधल्या कुणाच्याही हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांच्यातल्या एक बाई इथे बसल्यात, आणि त्यांनी ती दिलेली नाही. त्यांना कुणी त्यासाठी आग्रह करू नये, एवढीच माझी नम्र विनंती.

नमस्कार.